गणेशपूरचं पिवळं लॉन आणि मृगाआधीचे पंधरा दिवस

पत्र :

ताई, गणेशपूरला नवीन घर बांधलंय. फेब्रुवारीत वास्तुशांत झाली. त्याच्या आदल्या आठवड्यात घरासमोरच्या सहाशे चौरस फुटांत मेक्सिकन लॉनचा गालिचा घालून घेतला. पाहुणे आले तेव्हा बघत राहावं असं दिसत होतं. खरं एप्रिल लागला तसं पिवळं पडत गेलं. रोज संध्याकाळी दहा मिनिटं पाइपनं पाणी मारते. मध्ये मामंजींनी युरिया टाकला, तर ताटाएवढे गोल करपून गेले, आणि त्या गोलांच्या कडेला मात्र गवत गर्द हिरवं! कोपऱ्यात जुना आंबा आहे, त्याच्याखाली तर नुसती माती उघडी पडलीय. बोअर आता तासभरच चालते. हे म्हणतात, सगळं काढून पेव्हर ब्लॉक घालूया, एकदाची कटकट जाईल. मला ते बघवणार नाही. काय करू?

— एक वाचक भगिनी, बेळगाव

ताई, सप्रेम नमस्कार.

पेव्हर ब्लॉक घालू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण मिस्त्री एकदा अंगणात आला की पुढचं बोलणं खुंटतं. तुमच्या यजमानांचं म्हणणं मला कळतं. रोज पाणी घालायचं आणि रोज पिवळं बघायचं, याचा कुणालाही वीट येतो. पण अंगण फरशीनं बंद केलं की उन्हाळ्यात ते रात्री उशिरापर्यंत तापलेलं राहतं, पावसाळ्यात सगळं पाणी रस्त्यावर जातं, आणि जी बोअर आज तासभर चालते तिच्या डोक्यावरचीच जमीन आपण झाकून टाकलेली असते. शिवाय तो आंबा. त्याची मुळं फांद्यांच्या घेराच्याही बाहेर गेलेली असतात. त्याच्या बुडाशी ब्लॉक ठोकून बसवले तर दोन-चार वर्षांत झाड वरून वाळायला लागेल, आणि तेव्हा कारण कुणाच्या लक्षातही येणार नाही.

तुम्हाला मी सहाशे चौरस फूट हिरवळ वाचवायलाही सांगणार नाही. दोनशे फूट ठेवा, चांगली ठेवा. बाकीच्या चारशेत झाडं लावा. हे का, ते सांगते.

उद्या सकाळी एक काम करा. लॉनच्या जिथं जास्त पिवळं पडलंय त्या कडेला खुरपं घाला आणि वीतभर लांबीचा तुकडा उचला. गेल्या उन्हाळ्यात अनगोळला एका ओळखीच्या घरी मी हेच केलं. तुकडा पुरणपोळीसारखा अख्खा हातावर आला. चार महिने झाले होते गालिचा घालून, पण एकही मूळ खाली उतरलं नव्हतं. सगळी मुळं गालिच्याच्या बुडाशीच आडवी फिरून गुंता झालेली. त्याच्याखाली दोन बोटं लाल माती, आणि तिच्याखाली बांधकामाचं राहिलेलं सगळं: विटांचे तुकडे, खडी, सिमेंटचे घट्ट बसलेले थर, एक मोडकी प्लास्टिकची पाटी. घरमालकीण माझ्याकडे बघतच राहिली. त्या गवताला माती अशी मिळालीच नव्हती. ते परातीत ठेवल्यासारखं वाढत होतं.

तुमच्याकडेही असंच निघेल असं मला वाटतं. नवीन घर, वास्तुशांतीची घाई, आदल्या आठवड्यात घातलेला गालिचा. घालणाऱ्यानं वरवर माती सारखी केली असणार. फेब्रुवारीत आपल्याकडे हवा गार असते, गालिचा शेतातून आणलेल्या ताकदीवर महिना-दीड महिना हिरवा राहतो. एप्रिलचं ऊन लागलं की पितळ उघडं पडतं.

आता पाण्याचं. तुमची ओढाताण बघून वाईट वाटलं, कारण तुम्ही कमी पाणी घालत नाही आहात. पाइपखाली पंधरा लिटरची बादली ठेवा आणि ती किती वेळात भरते ते घड्याळावर बघा. समजा एका मिनिटात भरली. म्हणजे दहा मिनिटांत दीडशे लिटर. सहाशे चौरस फूट म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. त्यावर दीडशे लिटर पसरलं की थर बसतो जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचा. मे महिन्यातलं ऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो पिऊन टाकतं. असं सात दिवस केलं की आठवड्याला हजार लिटरच्या वर पाणी जातं, बोअर आटते आणि गवत तहानलेलंच राहतं. वरची माती रोज ओली मिळाल्यामुळे मुळं खाली जायचं कारणच उरत नाही, आणि वरच राहिलेली मुळं पहिल्या कडक उन्हात भाजतात.

हिरवळीला पाणी आठवड्यातून दोनदा द्यावं, पण पोटभर द्यावं. उन्हाळ्यात आठवड्याला एकूण २५ मिलिमीटर लागतं असं धरून चाला. एका चौरस मीटरला २५ लिटर. सगळ्या सहाशे फुटांना हे चौदाशे लिटर होतात. दोनशे फुटांना मात्र पावणेपाचशेच्या आत भागतं. एका वेळेला सव्वादोनशे-अडीचशे लिटर, तुमच्या पाइपनं पंधरा-सोळा मिनिटं. आज तुम्ही घालता त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात हिरवळ खरीखुरी हिरवी राहील. स्प्रिंकलर लावणार असाल तर श्रीखंडाचे रिकामे डबे चार-पाच ठिकाणी ठेवा आणि अर्ध्या तासानं त्यात पट्टी घालून पाणी मोजा. कुठल्या डब्यात दुप्पट आणि कुठल्यात काहीच नाही, हे बघून पाणी कुठं वाया जातंय ते लगेच कळतं.

वेळ सकाळची. सूर्य वर येण्याआधी. संध्याकाळी घातलं तर पातं रात्रभर ओलं राहतं आणि दमट दिवसांत बुरशीला आमंत्रण मिळतं. पाणी कधी द्यायचं हे वारावर ठरवू नका. गवतावरून अनवाणी चाला आणि मागं वळून बघा. पाऊल उचलल्यावर गवत उभं राहिलं तर त्याला तहान नाही. पावलाचा ठसा तसाच बसून राहिला आणि पात्याचा रंग थोडा निळसर-राखाडी दिसला, तर त्या सकाळी पाणी द्या.

मामंजींच्या युरियाबद्दल घरात बोलणी झाली असतील, ती आता थांबवा. करपलेले गोल आणि त्यांच्या कडेला गर्द हिरवं, ही खूणच सांगते की मूठ एका जागी पडली. मधलं गवत खताच्या तेजीनं जळलं, कडेच्या गवताला बेताचं मिळालं म्हणून ते फोफावलं. (गल्लीतलं कुत्रं रोज एकाच जागी मुतत असेल तरी अगदी असाच गोल पडतो, तेही बघून ठेवा.) ऊस करणाऱ्या घरात युरिया म्हणजे हिरवेपणाचं हक्काचं औषध, त्यामुळे त्यांचा हेतू चांगलाच होता. पण तहानलेल्या गवताला मे महिन्यात युरिया कधीच देऊ नये. त्या गोलांवर तीन-चार दिवस भरपूर पाणी ओता, म्हणजे उरलेलं खत खाली निघून जाईल. युरिया द्यायचाच तर पावसाळ्यात, गवत जोरात वाढत असताना, चौरस मीटरला दहा ग्रॅम, म्हणजे दोनशे फुटांना दोनशे ग्रॅमच्या आत. तो चाळलेल्या बारीक मातीत मिसळून कोरड्या पात्यांवर सारखा फेकायचा आणि लगेच पाणी द्यायचं. हे काम मामंजींनाच सांगा. शेतात हाताला सवय असलेला माणूस जितकं सारखं फेकतो तितकं आपल्याला जमत नाही.

मग दोनशे फुटांत लावायचं काय? हरळी. आपली शेतातली हरळी. तुम्ही म्हणाल, बांधावरचं जे तण काढण्यात मामंजींचा जन्म गेला ते अंगणात लावू? हो. जी खोडकी नांगरानं तुटूनही मरत नाहीत त्यांना बेळगावचा उन्हाळा काय करणार? हरळीला दिवसाचं निदान सहा तास ऊन मात्र हवं, सावलीत ती विरळ होते. नर्सरीत तिचीच बारीक पात्याची, दाट वाढणारी जात मिळते, ती घेतली तर आणखी चांगलं. मेक्सिकन गवत दिसायला मऊ, पण ते सावकाश वाढतं. त्याला एकदा खड्डा पडला की तो भरून यायला महिनोन्‌महिने जातात. हरळीचा खड्डा पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांत बुजतो. ज्या अंगणात पोरं खेळणार, चटई टाकून शेंगा वाळवायच्या, तिथं मला हरळीशिवाय दुसरं गवत सुचत नाही.

मृग ७-८ जूनला लागतो. म्हणजे तुमच्या हातात पंधरा दिवस आहेत, आणि सगळं यश या पंधरा दिवसांत आहे. दोनशे फुटांची जागा उन्हातली निवडा, आंब्यापासून लांब. दोन मजूर लावून वीतभर खोल खणून काढा. विटा, खडी, सिमेंट सगळं बाहेर. गणेशपूर-हिंडलग्याकडची माती तांबडी, तिच्यात पाणी लवकर मुरतं आणि लवकर निघूनही जातं. म्हणून चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दोन-तीन बोटं जाडीचा थर देऊन मातीत मिसळा. ‘कुजलेलं’ हा शब्द मी उगाच लिहीत नाही. कच्च्या शेणाबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळी, येते. साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेली मळी) कुणी ट्रॉलीनं आणून देतो म्हणाला तर तिलाही हात लावून बघा. गरम लागली तर सहा महिने बाजूला ढीग घालून ठेवा.

खणलेल्या जागेवर मग पाणी मारून आठ दिवस गप्प बसा. जे तण येईल ते येऊ द्या. त्यात लव्हाळा दिसला तर नुसता उपटू नका, पातं हातात येतं आणि गाठ खालीच राहते. खुरप्यानं खोल जाऊन गाठीसकट काढा. एका गाठीला धाग्यानं दुसरी, दुसरीला तिसरी अशी माळच असते. हे काम कंटाळवाणं आहे, पण आत्ता केलं नाही तर पुढची पाच वर्षं करावं लागेल. त्यानंतर जमीन सारखी करताना घराकडून रस्त्याकडे किंचित उतार ठेवा, दहा फुटांना दोन इंचांपर्यंत. जुलैमध्ये आपल्याकडे सूर्य दिसत नाही. पाणी साचलं तर हरळीच्या जागी शेवाळ येतं.

पहिले दोन चांगले पाऊस झाले की लावणी. हरळीच्या दोन-तीन डोळ्यांच्या कांड्या करून चार-चार बोटांवर टोकायच्या. दुसरी रीत मला जास्त आवडते : हरळी बारीक तोडायची, माती आणि शेणकाल्यात कालवायची आणि ओल्या जमिनीवर बोटभर जाडीनं पसरून हातानं थापायची. अगदी अंगण सारवल्यासारखं. दोन महिन्यांत जागा भरते. पाऊस दोन-तीन दिवस उघडला तर तेवढं हलकं पाणी द्या, एरवी पाऊस आहेच.

कापणी चार-पाच आठवड्यांनी सुरू करा, आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कधी कापू नका. हरळी दीड इंच ठेवावी. एप्रिल-मेमध्ये दोन इंच चालेल. ‘उन्हाळ्यात खरवडून कापलं की पाणी कमी लागतं’ असं सांगणारे भेटतील. उलटं आहे. उंच पातं स्वतःच्या मुळावर सावली धरतं. दोनशे फुटांना ढकलायचं साधं यंत्र पुरतं, विजेचं नको. पातं मात्र धारदार हवं, नाहीतर गवताचे शेंडे फाटतात आणि दोन दिवसांत सगळी हिरवळ पांढरट दिसते.

आंब्याखाली गवताचा हट्ट सोडा. तिथली पडलेली पानं झाडून जाळता की काय कोण जाणे, तसं असेल तर आजपासून बंद करा. ती तिथंच बुंध्यापासून हातभर अंतर सोडून पसरा, झाडाचं अंथरूण झाडालाच. पावसाळ्यात त्या अर्धवट सावलीत हळद आणि अळू लावा, दोन्ही छान येतात. ओलसर कोपरा असेल तिथं ब्राह्मी सोडा, गोल पानांची, जमिनीसरसा पसरणारी. कानडी शेजारीण तिला ओंदेलग म्हणेल आणि तिची तंबळी (ताकातलं गार तोंडीलावणं) कशी करायची तेही सांगेल. एक मात्र करू नका : आंब्याच्या बुंध्याला माती चढवून वाफा करू नका आणि लावताना मुळं तोडू नका.

उरलेल्या जागेत कुंपणाच्या कडेनं जास्वंद, तगर, अबोली, मोगरा. मोगऱ्याला फेब्रुवारीत छाटा, उन्हाळाभर फुलेल. दसऱ्यासाठी झेंडूची रोपं जुलैत लावा. या झाडांच्या बुडाशी ऊसाचं पाचट चार बोटं अंथरा. तुमच्या गावाकडून पोतंभर आणायला काय लागतं? पाचटाखाली बोट घालून बघा, चार दिवसांनीही माती ओली लागते. पाचट बुंध्याला चिकटवू नका, वाळवी लागते.

निपाणी, चिकोडी, अथणी भागातून अशीच पत्रं येतात, त्यांच्यासाठी दोन शब्द इथंच. तुमची माती काळी, चुनखडीची, आणि बोअरचं पाणी जड. पान पिवळं पण शिरा हिरव्या असं दिसलं तर पाणी किंवा युरिया वाढवू नका. मातीत लोह असूनही मुळाला ते उचलता येत नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम लिंबूसत्व मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. फरशीवर उडालं तर गंजाचा डाग पडतो आणि तो निघत नाही. काळ्या मातीत पाणी दोनदाऐवजी एकदाच द्या, ती धरून ठेवते. खानापूरकरांनी याच्या उलट, पाणी काढून देण्याकडे लक्ष द्यावं. मातीची नीट परीक्षा करून घ्यायची असेल तर धारवाडचं कृषी विद्यापीठ आहे, आणि गोकाकजवळ अरभावीला उद्यानविद्येचं महाविद्यालय आहे. तिथं जाऊन विचारायला संकोच करू नका.

हुमणीचं एवढं लक्षात ठेवा. वळीव पडून गेल्यावर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर तपकिरी भुंगेरे येतात, दिव्याखाली आपटत पडतात. ते गोळा करून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. त्यांचीच अंडी जूनमध्ये मातीत जातात आणि अळ्या पुढं ऑक्टोबरपर्यंत मुळं खातात. भर पावसात हिरवळीचा एखादा भाग पिवळा पडला आणि ओढल्यावर गोधडीसारखा सुटून आला, तर खाली पांढरी, वाकडी अळी सापडेलच. मेटारायझियम ही मित्रबुरशी शेणखतात मिसळून ओल्या मातीत द्या. ती सावकाश काम करते, म्हणून जूनमध्येच दिलेली बरी.

यजमानांना पेव्हर ब्लॉकऐवजी एक काम द्या. बेळगावात वर्षाला १२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर एवढ्या पावसाचं एक लाख लिटरपेक्षा जास्त पाणी पडतं. ते सध्या पाइपानं गटारात जातं. तोच पाइप वळवून ते पाणी गाळणीतून, खडी-वाळूच्या शोषखड्ड्यातून बोअरजवळच्या जमिनीत मुरवता येतं. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायची सोय ठेवायची, इतकंच. ब्लॉकसाठी बाजूला काढलेल्या पैशांत हे होईल असं मला वाटतं, आणि हातानं काही केल्याचं समाधान त्यांनाही मिळेल. चालायला वाट हवी असेल तर फाटकापासून दारापर्यंत शहाबादी फरशीचे तुकडे वीतवीत अंतर सोडून मातीतच बसवा, मधल्या फटींत हरळी भरते.

सध्याच्या गालिच्यातला जो भाग अजून हिरवा आहे तो टाकू नका. आठवड्यातून दोनदा सकाळी भरपूर पाणी देऊन जूनपर्यंत जगवा आणि मग पाऊस लागल्यावर उचलून घराच्या पूर्वेच्या, सकाळच्या उन्हाच्या कडेला नीट खणलेल्या मातीवर बसवा. अर्धवट सावली मेक्सिकन गवताला चालते.

आणि हरळी कापायला लागाल तेव्हा फाटकाजवळचा एक हातभर कोपरा तसाच वाढू द्या. त्याला यंत्रही लावू नका आणि युरियाही नको. मृगात लावलेली हरळी भाद्रपदापर्यंत चांगली लांब होते, कोवळे तीन पात्यांचे शेंडे भरपूर येतात. चतुर्थीच्या सकाळी एकवीस दुर्वांची जुडी बाजारातून आणावी लागणार नाही.